जखम झिरपतेय आणि पीटी-आयएनआर नॉर्मल: थंड पडलेल्या पेशंटचा रिपोर्ट कसा वाचायचा

लक्षण ओळखीचं आहे. अपघाताची लॅपरोटॉमी (पोट उघडून केलेलं ऑपरेशन), लांबलेलं मणक्याचं ऑपरेशन किंवा सिझेरियननंतर न थांबणारा रक्तस्राव. दोन-अडीच तास झालेत. मोठी रक्तवाहिनी कुठे उघडी नाही, तरी जखमेच्या कडा, ड्रेनचं भोक, सेंट्रल लाइनची जागा, सगळीकडून पातळ रक्त झिरपतंय. सक्शनच्या बाटलीत गुठळी दिसत नाही. लॅबमधून गोठण्याच्या चाचण्यांचा फोन येतो: पीटी (प्लाझ्मा गोठायला लागणारा वेळ) १४ सेकंद, आयएनआर (तोच वेळ, कुठल्याही लॅबशी तुलना करता येईल अशा गुणोत्तरात) १.२, एपीटीटी (गोठण्याच्या दुसऱ्या मार्गाचा वेळ) ३४, प्लेटलेट (गुठळी सुरू करणाऱ्या पेशी) १ लाख १० हजार, म्हणजे जवळपास नॉर्मल. सर्जनना वाटतं रिपोर्ट चुकला, लॅब म्हणते नमुना दोनदा लावला. आणि मॉनिटरच्या कोपऱ्यात, प्रोब लावलेला असेल तर, शरीराच्या तापमानाचा आकडा असतो ३४.१.

लॅबचं काही चुकलेलं नाही आणि सर्जनना दिसतंय तेही खरं आहे. रिपोर्ट ३७ अंशांवर तापवलेल्या रक्ताचा आहे. रक्त वाहतंय ते ३४ अंशांच्या पोटात.

नळीतून आकड्यापर्यंत

निळ्या झाकणाच्या नळीत ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं म्हणून रक्त नळीत गोठत नाही. लॅबमध्ये नमुना फिरवून पेशी खाली बसवतात आणि वरचा प्लाझ्मा घेतात. त्यात प्लेटलेट जवळपास नसतातच. हा प्लाझ्मा मशीनमध्ये ३७ अंशांवर काही मिनिटं तापतो. मग पीटीसाठी त्यात गरम केलेलं थ्रोम्बोप्लास्टिन (गोठणं सुरू करणारं रसायन) पडतं, आणि त्या रिएजंटमध्ये कॅल्शियम असतं. एपीटीटीत आधी अॅक्टिव्हेटर आणि नंतर वेगळं कॅल्शियम क्लोराइड. रिएजंटच्या बफरमुळे नमुन्याची आम्लताही बऱ्यापैकी सावरली जाते.

म्हणजे टेबलावरच्या पेशंटच्या गोठण्यात बिघाड करणाऱ्या चार गोष्टी, थंडी, कॅल्शियमची कमतरता, अॅसिडोसिस (रक्त आम्लधर्मी होणं) आणि बिघडलेल्या प्लेटलेट, या चारही गोष्टी आकडा यायच्या आधीच नमुन्यातून निघून गेलेल्या असतात. उरतो एकच प्रश्न: प्लाझ्मातले रक्त गोठवणारे घटक पुरेसे आहेत का? पीटी-एपीटीटी याच प्रश्नाचं उत्तर देतात, आणि ते प्रामाणिक उत्तर असतं. जगभर सगळ्या लॅब ३७ वरच चाचणी लावतात म्हणून तर एका गावचा आयएनआर दुसऱ्या गावी वाचता येतो. घोटाळा होतो तो आपण त्या उत्तराला भलताच प्रश्न जोडतो तेव्हा.

बऱ्याच जणांना इथे एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची चाचणी) आठवते. तिथे मशीनला पेशंटचं तापमान सांगितलं की पीएच आणि वायूंचे आकडे दुरुस्त होऊन मिळतात. मग पीटीलाही असं काही सूत्र असेल? भरवशाचं सूत्र नाही. आयएनआरला मनाने दहा टक्के जोडून वाचणं वगैरे करू नका.

थंडीत नेमकं काय मंदावतं

थंडीने सगळी एन्झाइम मंदावतात असं पाठ केलेलं असतं. ते खरं असलं तरी क्रम महत्त्वाचा आहे. ३७ पासून साधारण ३३ अंशांपर्यंत मुख्य नुकसान प्लेटलेटचं होतं. फाटलेल्या रक्तवाहिनीच्या भिंतीला व्हॉन विलेब्रँड घटकाच्या (प्लेटलेटला भिंतीशी जोडणाऱ्या प्रथिनाच्या) आधाराने चिकटण्याचं त्यांचं काम ढिलं पडतं. एन्झाइमचा वेग लक्षात येण्याइतका पडतो तो ३३ च्या खाली. ऑपरेशनमधले बहुतेक थंड पेशंट ३३ ते ३६ या पट्ट्यातच असतात. म्हणून लॅबच्या मागे लागून पीटी ३४ अंशांवर लावून घेतली तरी ती थोडीशीच लांबलेली दिसेल, कारण ज्या प्लेटलेट अडखळल्या आहेत त्या त्या नमुन्यात नाहीतच. सीबीसीतला (रक्तपेशींच्या मोजणीतला) आकडाही फक्त मोजणी सांगतो. १ लाख १० हजार प्लेटलेट आहेत हे कळतं, त्या काम करतात का हे कळत नाही.

किती थंडीने किती फरक पडतो, याबाबत टोकाची मतं ऐकू येतात. १९९६ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या, खुब्याचा सांधा बदललेल्या ६० पेशंटच्या अभ्यासात ३६.६ अंशांवर ठेवलेल्यांचा रक्तस्राव सरासरी १.७ लिटर आणि ३५ अंशांवरच्यांचा २.२ लिटर होता. २००८ मधल्या एकत्रित विश्लेषणात एक अंशाहूनही कमी घसरणीने रक्तस्राव सुमारे १६ टक्क्यांनी वाढलेला दिसला. उलट २०२२ मध्ये, पुन्हा लॅन्सेटमध्येच, ५,०५६ पेशंटच्या मोठ्या चाचणीत ३५.५ आणि ३७ या दोन लक्ष्यांमध्ये रक्त देण्याच्या गरजेत फरक आढळला नाही. हे सगळं मांडल्यावर आमचं मत असं: ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये ३५.५ असताना जखम झिरपत असेल तर सगळा दोष थंडीवर टाकून मोकळं होऊ नका, दुसरं कारण शोधा. ३५ च्या खाली, त्यातही अॅसिडोसिस आणि भरपूर रक्त गेलेलं असेल, तर मात्र थंडी हेच पहिलं निदान आणि तोच पहिला उपचार.

आधी थर्मामीटर तपासा

कपाळावर धरायची इन्फ्रारेड बंदूक आणि काखेतला प्रोब या कामाला निरुपयोगी आहेत. थंड पेशंटची त्वचा आकसलेली असते, तिथला आकडा आतलं काही सांगत नाही. अन्ननलिकेच्या खालच्या तिसऱ्या भागातला प्रोब सगळ्यात विश्वासू. मोठ्या माणसात दातांपासून ३५ ते ४० सेंमी, स्टेथोस्कोपवाला प्रोब असेल तर हृदयाचे ठोके जिथे सगळ्यात मोठ्याने ऐकू येतात तिथे. कमी आत राहिला तर श्वासनळीतल्या गार वायूचं तापमान दाखवतो. नाकातून घातलेला प्रोब चालतो, पण तो नाकपुडीतच अडकलेला नको. मूत्राशयाचा प्रोब लघवी बरी होत असेल तरच वेळेवर बोलतो, आणि शॉकमधल्या पेशंटला लघवी नसते. गुदद्वाराचा प्रोब नेहमी मागे राहतो.

पोट उघडं असताना गरम सलाईनने धुतलं की मूत्राशय आणि गुदद्वाराचे प्रोब काही मिनिटं खोटा दिलासा देतात. धुणं झाल्यावर दहा मिनिटं थांबून वाचा.

मग नमुना तपासा

उलटी तक्रारही येते: जखम कोरडी आहे आणि एपीटीटी ९० सेकंद. तेव्हा पेशंटकडे नाही, नळीकडे बघायचं.

आर्टीरियल लाइनमध्ये (धमनीत घातलेल्या नळीत) हेपरिन फ्लश (गोठणं रोखणारं औषध घातलेलं सलाईन) असेल तर नमुन्यात हेपरिन गेलेलं असतं. मृत जागेच्या (लाइनच्या नळीत अडकून राहणाऱ्या द्रवाच्या) सहापट किंवा किमान ५ मिली रक्त आधी बाजूला काढा. नाहीतर सरळ दुसऱ्या हाताच्या शिरेतून घ्या, सलाईन चालू असलेल्या हातातून नको. नळी खुणेपर्यंत भरलेली हवी. अर्धी भरली तर सायट्रेटचं प्रमाण वाढून पीटी आणि एपीटीटी दोन्ही लांबतात. रक्त ढवळताना नळी तीन-चार वेळा हळू उलटी-सुलटी करायची, झटकायची नाही. तळाशी बारीक गुठळी असेल तर तो नमुना टाकून द्या.

आणि बर्फ. एबीजीच्या सवयीने गोठण्याचा नमुनाही बर्फाच्या पिशवीत घालून पाठवणं आपल्याकडे सर्रास चालतं. ही सवय मोडायलाच हवी. न फिरवलेलं सायट्रेटचं रक्त गार केलं की त्यातला व्हॉन विलेब्रँड घटक आणि आठवा घटक कमी होतात आणि सातवा घटक थंडीने जागा होऊ शकतो. एपीटीटी खोटी लांबते, पीटी खोटी आखूड होऊ शकते. नमुना खोलीच्या तापमानालाच, लवकर. एपीटीटीला चार तासांची मुदत धरा.

नमुना कधी घेतला हेही बघा. सव्वादहाला ३६ अंशांवर घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट अकराला येतो, तोवर पेशंट ३४.५ वर असतो आणि आणखी दोन लिटर सलाईन आत गेलेलं असतं. मागणीपत्रावर वेळ आणि त्या क्षणाचं तापमान लिहायची पद्धत पाडली की हा घोळ अर्धा मिटतो.

आकडे आणि जखम एकत्र ठेवून

पेशंट थंड, झिरपणं चालू, पीटी-एपीटीटी जवळपास नॉर्मल, फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे बनवणारं प्रथिन) डेसिलिटरला २०० मिलिग्रॅमच्या वर: हे शुद्ध थंडीचं चित्र. इथे एफएफपी (गोठवून साठवलेला प्लाझ्मा) मागवू नका. घटक कमी नाहीत हे लॅबने नुकतंच सांगितलंय. फ्रीझरमधून काढून ३७ अंशांच्या पाण्यात वितळवलेल्या पिशव्या ट्रॉलीवर पडून पुन्हा गार होतात आणि तशाच पेशंटमध्ये जातात. प्लेटलेटचंही तेच: त्या बाहेर २० ते २४ अंशांवर कितीही चांगल्या ठेवलेल्या असल्या तरी त्याच ३४ अंशांच्या रक्तात जाऊन काम करायचं असतं.

पेशंट थंड आणि पीटी दीडपटीच्या वर: थंडीशिवाय घटकही खरोखर कमी झालेत, कारण हा आकडा ३७ वरचा आहे. प्रत्यक्षातली अवस्था रिपोर्टहून वाईट आहे असं समजा. इथे एफएफपी १० ते १५ मिली प्रतिकिलो द्यायचंच, पण वॉर्मरमधून (द्रव आत जाताना तापवणाऱ्या यंत्रातून). फायब्रिनोजेन १५० च्या खाली (बाळंतिणीत २०० च्या खाली) असेल तर क्रायो (प्लाझ्मापासून काढलेला, फायब्रिनोजेन भरपूर असलेला घटक), दर १० किलो वजनाला एक पिशवी या हिशेबाने. वाहत्या रक्तस्रावात प्लेटलेट ५० हजारांच्या वर, मेंदूच्या ऑपरेशनमध्ये १ लाखाच्या वर.

पेशंट ३६.५ वर आलाय, आकडे नॉर्मल आहेत, तरी एकाच कोपऱ्यातून रक्त येतंय: ते टाक्याचं काम आहे.

उष्णतेचा हिशेब मांडा

शरीराच्या एका किलोला एक अंश वाढवायला सुमारे ०.८३ किलोकॅलरी लागते. ५० किलोच्या बाईसाठी अंशामागे साधारण ४१. आता २० अंशांच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) ठेवलेलं एक लिटर सलाईन शरीरात जाऊन ३७ पर्यंत तापायला १७ किलोकॅलरी ओढतं. अशा तीन बाटल्या म्हणजे ५१. नुसत्या सलाईनने सव्वा अंश खाली. फ्रीजमधून ४ अंशांवर आलेली ३०० मिलीची लाल पेशींची पिशवी आणखी ९-१० किलोकॅलरी, म्हणजे पाव अंशाच्या जवळपास. त्यात भूल दिल्यावर पहिल्या तासात आतली उष्णता हातापायांकडे पसरून एक ते दीड अंश उतरतात ते वेगळेच. ३४ हा आकडा कुठून आला हे विचारायची मग गरज राहत नाही.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवा.

१. भूल देण्याआधीच हवेचं गरम ब्लँकेट किमान १०, जमल्यास ३० मिनिटं. पहिल्या तासाची घसरण रोखायचा हाच मार्ग आहे. ती एकदा झाली की परत चढवायला तासन्‌तास जातात. तातडीच्या केसमध्ये हे जमत नाही, तिथे निदान ट्रॉलीवरच सुरू करा.

२. पेशंटवर निर्जंतुक कापड टाकून होईपर्यंत ओटी २४ अंशांवर. एनएबीएचच्या (रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) मार्गदर्शकात २१ अधिक-उणे ३ अंश सांगितलेत, म्हणजे २४ नियमातच बसतं. नंतर सर्जनना घाम येत असेल तर खाली आणा, पण ब्लँकेट चालू ठेवून.

३. तासाला अर्ध्या लिटरहून जास्त जाणारं सगळं द्रव आणि सगळं रक्त इनलाइन वॉर्मरमधून. वॉर्मर पेशंटच्या जवळ आणि पुढची नळी आखूड ठेवा. लांब नळीतून हळू जाणारं गरम सलाईन शिरेत पोचेपर्यंत खोलीच्या तापमानाला येतं. बादलीत गरम पाणी करून त्यात रक्ताची पिशवी बुडवणं बंद करा: तापमान कळत नाही, पेशी फुटतात आणि लेबल सुटतं.

४. पोट धुवायचं सलाईन ३७-३८ अंशांचं. ओल्या चादरी आणि मॉप लगेच बदला, कारण बाष्पीभवन ब्लँकेटची मेहनत खाऊन टाकतं.

५. भुलीतल्या पेशंटच्या अंगाला गरम पाण्याने भरलेले हातमोजे किंवा बाटल्या लावू नका. आकसलेल्या त्वचेला रक्त कमी असतं, उष्णता वाहून जात नाही आणि भाजतं. गरम हवेची नळी ब्लँकेटशिवाय चादरीखाली सोडणंही तितकंच धोक्याचं.

हे सगळं सुरू करूनही तासाला अंशभर चढलं तरी बरं म्हणायचं. तेवढ्या वेळात पोट मोठ्या पॅकने दाबून, तात्पुरतं झाकून पेशंट आयसीयूत नेऊन गरम करायचा निर्णय सर्जनने लवकर घेतला तर पेशंट वाचतो. ३४ खाली, पीएच ७.२ खाली आणि झिरपणं चालू, या तिन्ही गोष्टी एकत्र असताना आतडं जोडायचा हट्ट नको.

बरोबरच आयनाइज्ड (रक्तातलं मोकळं) कॅल्शियम एबीजीवर बघा. पीटीत ते दिसणार नाही, कारण मशीनने स्वतःचं कॅल्शियम घातलेलं असतं. रक्ताच्या पिशव्यांतलं सायट्रेट यकृत जिरवतं, आणि थंड यकृत ते सावकाश जिरवतं. लिटरला १.१ मिलिमोलच्या खाली गेलं तर १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली हळू, रक्ताच्या लाइनमधून कधीच नाही, कारण तिथे सायट्रेटचा बंदोबस्त संपून नळीतच गुठळी होते. अपघातात पहिल्या तीन तासांत ट्रानेक्झामिक अॅसिड (गुठळी विरघळू न देणारं औषध) १ ग्रॅम दहा मिनिटांत आणि पुढे १ ग्रॅम आठ तासांत, हे तापमानाची वाट न बघता.

रोटेम, टेग, एसीटी

रोटेम किंवा टेग (पूर्ण रक्ताची गुठळी कशी बनते ते कपात मोजणारी मशीन) असेल तर तेही आपणहून ३७ वरच चालतं. रोटेम डेल्टावर तापमान बदलून पेशंटच्या तापमानावर चाचणी लावता येते. ३७ वर सीटी (गुठळी सुरू व्हायला लागणारा वेळ) नॉर्मल आणि ३४ वर लांबलेली, तर फरक थंडीचा. दोन्हीकडे लांबलेली, तर घटक हवेत. थंडीत गुठळी उशिरा सुरू होते आणि सावकाश घट्ट होते, तिची शेवटची ताकद बरीचशी टिकते. त्यामुळे एमसीएफ (हीच शेवटची ताकद) चांगला दिसला तर थंडीला सुटका देऊ नका. छापलेल्या संदर्भमर्यादा ३७ च्या आहेत हेही ध्यानात ठेवा. आणि एक मर्यादा तापमान बदलूनही जात नाही: कपातलं रक्त वाहत नाही, तिथे भिंत नाही. वाहत्या रक्तात भिंतीला चिकटण्याचं जे काम थंडीने आधी बिघडतं, ते या मशीनला दिसतच नाही.

हार्ट-लंग मशीनवर एसीटी (हेपरिनचा परिणाम बघायला टेबलाशेजारी मोजायचा गोठण्याचा वेळ) थंडीने आणि पातळ झालेल्या रक्तानेही लांबतो. ४८० सेकंदांच्या वर आकडा दिसतोय म्हणून हेपरिन पुरेसं आहेच असं नाही, आणि गरम करताना तो अचानक घसरू शकतो. रीवॉर्मिंग सुरू झाल्यावर एसीटी जास्त वेळा करा.

लॅबच नसेल तर

रात्री दोन वाजता तालुक्याच्या गावी पीटी मिळत नाही. तिथे प्रसूतीतल्या रक्तस्रावासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली साधी चाचणी कामाला येते: स्वच्छ, कोरड्या, साध्या काचेच्या बारीक परीक्षानळीत २ मिली शिरेतलं रक्त, नळी बंद मुठीत धरायची, चार मिनिटांनी हळूच कलती करायची, मग दर मिनिटाला. सात मिनिटांत गुठळी नाही, किंवा झाली आणि हलवताच विरघळली, तर गोठणं बिघडलंय. प्लास्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेलीही नाही. साप चावलेल्यांसाठी वीस मिनिटांची चाचणी करणाऱ्या सिस्टरना हे हाताने येतं.

फक्त एक ध्यानात घ्या. मूठ ३७ अंशांची आहे. मोठ्या मशीनने जे केलं तेच ती करते: थंड रक्त तापवते. म्हणून दोन नळ्या भरा. एक मुठीत, दुसरी पेशंटच्या अन्ननलिकेतल्या आकड्याइतक्या पाण्यात, थर्मामीटर बुडवून. मुठीतली सहाव्या मिनिटाला घट्ट बसली आणि पाण्यातली अजून हलते आहे, तर रक्तपेढीला फोन करण्याआधी वॉर्मर लावा. दोन्ही पातळच राहिल्या तर फोन आधी, आणि वॉर्मर त्याच मिनिटाला. दोन नळ्यांचा हा तुलनेचा प्रकार ढोबळ आहे, त्यावर पिशव्यांची संख्या ठरवू नका. कुठल्या दिशेला धावायचं एवढंच त्याला विचारा.